एल्डाच्या गोधडीतले नऊ चौकोन

लिहून ठेवणार : ओर्फा मे स्ट्रूव्ह, वय वर्षे एक्क्याऐंशी, कै. वॉल्टर स्ट्रूव्ह यांची विधवा, राहणार हॅडली क्रीक, नेब्रास्का. व्यवसाय आधी शेतकऱ्याची बायको, नंतर काही नाही, आणि दोन्ही काळांत गोधड्या शिवणे.

हे मी स्वखुशीने लिहीत आहे. जबरदस्ती करायला घरात दुसरे कोणी नाही. डोके ठिकाणावर आहे. गेल्या महिन्यात डॉक्टरने मला शंभरातून सात सात वजा करत जायला सांगितले, मी दोनवर येऊन थांबले आणि पुढे उणे सांगू का म्हणून विचारले, तेव्हा त्यानेच हात जोडले. शिवाय माझ्या नणंदेने गेल्या अठ्ठावन्न वर्षांत मला मारलेले टोमणे मला क्रमाने आठवतात.

वकिलाने छापील अर्ज दिला होता. घर आणि भांडीकुंडी यांच्यासाठी तो पुरला असता. मी स्वतः लिहायला बसले ती एका पत्र्याच्या डब्यासाठी. तो माझी नणंद एल्डा पोहलमन हिला द्यायचा आहे, आणि जिवंतपणी द्यायचे धाडस मला पंचवीस वर्षांत झालेले नाही. त्याचे कलम सातवे आहे. तिथपर्यंत जायला मला आधीच्या कलमांचा आधार लागेल, म्हणून कोणी घाई करू नये.

कलम १. मला वॉल्टरच्या शेजारी पुरावे. दगडावर माझे नाव आधीच कोरलेले आहे, फक्त शेवटचे साल घालायचे आहे. जेवण चर्चच्या तळघरात, हॅम आणि चीज घातलेले बटाटे. गाजर किसून घातलेली लिंबाची जेली कोणी आणलीच तर ती न बोलता शेवटच्या टेबलावर ठेवावी. कोण आणते ते मंडळातल्या सगळ्यांना माहीत आहे.

कलम २. राहते घर, परसदार आणि गॅरेज माझी मुलगी जोलीन हिला द्यावे. ती ॲरिझोनात राहते, तिला इथली थंडी सोसत नाही, तेव्हा ती ते विकणार. माझी हरकत नाही. तळघराच्या जिन्याची वरून तिसरी पायरी हलते, हे घेणाऱ्याला आधी सांगावे. मी आजवर कोणाला काही दडवून विकलेले नाही. दडवून दिलेले आहे, ते पुढे येईल.

कलम ३. बँकेत असेल ते जोलीनचे. या मृत्युपत्राची अंमलबजावणीही तिनेच करावी. ती चिडकी आहे, पण काम अर्धे सोडत नाही.

कलम ४. शिवणाचे यंत्र, गोधडी ताणायची लाकडी चौकट, कपाटातले सगळे कापड आणि बुटांच्या तीन खोक्यांतले त्रिकोण हे सर्व चर्चच्या मंगळवारच्या गोधडी मंडळाला द्यावे. यंत्राला मागे ओढायची सवय आहे. त्याच्याशी भांडू नये, हलक्या हाताने पुढे सरकवावे. चाकाची सुरी आणि तिच्याखालचा हिरवा रबरी पाट मला जोलीनने नाताळात पाठवला होता. ती सुरी मी एकदाच वापरली आणि टेबलावरच्या कापडाच्या कडेचा एक इंच कापून काढला. तोही मंडळाला.

मंडळात आता ज्या नव्या सुना येतात त्यांना कोपरे करता येत नाहीत, म्हणून रीत लिहून ठेवते. मोठ्या चौकोनाच्या कोपऱ्यावर लहान पांढरा चौकोन पालथा ठेवायचा. त्याच्यावर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत तिरकी टीप मारायची. मग टिपेपासून पाव इंच माया, म्हणजे शिवणीपुरते जास्तीचे कापड, सोडून दोन्ही कापडांचा कोपरा कापून टाकायचा, आणि आत राहिलेला पांढरा अर्धा भाग बाहेर उलगडून त्याच्यावर इस्त्री फिरवायची. चौकोनाला पांढरा त्रिकोणी कोपरा येतो. चारी कोपरे झाले की चौकोन लांबून गोल दिसतो, त्यामुळे आम्ही या नमुन्याला बर्फाचा गोळा म्हणतो. कापून पडलेले त्रिकोण टाकू नयेत. कापण्याआधी बाहेरच्या बाजूला अर्ध्या इंचावर आणखी एक टीप मारून दोन टिपांच्या मधून कापले, तर ते पडतानाच जोडलेले पडतात आणि त्यांची उशी होते. माझ्या खोक्यांत ते आहेत.

कापायचे ते नेहमी टिपेच्या बाहेरच्या बाजूला, कोपऱ्याकडे. हे वाक्य मी पुन्हा लिहिते. कापायचे ते बाहेरच्या बाजूला.

कलम ५. १९६८च्या कौंटीच्या जत्रेत मला मिळालेली दुसऱ्या क्रमांकाची लाल फीत जोलीनने हवी तर ठेवावी, नाही तर शेगडीत घालावी. ती गोधडी पहिली यायला हवी होती. लिंकनहून परीक्षक बाई आल्या होत्या. त्यांनी चष्मा कपाळावरून खाली घेतला, गोधडीवर बोट फिरवले आणि म्हणाल्या, "काम सुंदर आहे हो, पण तीन त्रिकोणांची टोकं शिवणीत कापली गेलीत."

माझ्या बाजूला एल्डा उभी होती. तिला कोणी विचारले नव्हते. ती म्हणाली, "तीन नाहीत बाई, चार आहेत. हे बघा."

चारच होती. मी घरी जाऊन मोजली. पण स्वतःच्या भावजयीचे चौथे टोक परक्या बाईला कोण दाखवते? त्या दिवसापासून मी तिला द्यायचे उत्तर मनात तयार करत आले. भांडी घासताना, गाडी चालवताना, कापड कापताना ते उत्तर माझ्या डोक्यात चालू असे. कापताना चालू असे, हे लक्षात ठेवावे.

कलम ६. माझी मोठी कात्री, काळ्या मुठीची, आईकडून आलेली, कोणालाही देऊ नये. ती माझ्याबरोबर पेटीत ठेवावी. कारण खालील कलमात.

कलम ७. माझ्या पलंगाखाली बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा आहे, झाकणावर पवनचक्की आहे. तो आतल्या वस्तूंसह एल्डा पोहलमन हिला द्यावा. नुसता डबा हातात दिला तर तिला काहीच कळणार नाही, म्हणून सगळे सांगते.

एल्डाला एकच मुलगा होता, लायल. ऑक्टोबर १९७५मध्ये तो मक्याच्या पत्र्याच्या कणगीत चिकटलेला दाणा सोडवायला उतरला, आणि दाणा त्याच्यासकट खाली सरकला. तो आतच गुदमरून गेला. एकोणीस वर्षांचा होता. बाहेर काढायला खालून पत्रा कापावा लागला. कापणाऱ्यांत त्याचा मामा, माझा वॉल्टर, होता.

त्या हिवाळ्यात एल्डाने लायलच्या सात शर्टांचे बेचाळीस चौकोन कापले. त्यांच्या कोपऱ्यांवर पांढरे चौकोन ठेवून सगळ्या टिपा मारल्या. आणि एका दुपारी तो गठ्ठा उशीच्या अभ्र्यात घालून माझ्याकडे आली.

"शिवायचं ते शिवलंय मी," ती म्हणाली. "आता परत त्याच्या शर्टांना कात्री नाही लावायची मला. कोपरे तू काप."

"मंडळात कोणालाही सांगितलं असतंस," मी म्हणाले.

"तुझा हात चांगला आहे. तोंड वाईट आहे, पण हात चांगला आहे."

तिने माझे एवढे कौतुक आधी कधी केले नव्हते, नंतरही केले नाही. ती गेल्यावर मी लगेच खिडकीपाशी बसले. भरपूर ऊन होते. मंडळात माझ्याइतके भराभर कोणी कापत नसे, आणि मला ते माहीत होते. एल्डा डावखुरी आहे. तिने रचलेल्या गठ्ठ्यात चौकोनांची तोंडे उलटी असतात, हेही मला तीस वर्षांपासून माहीत होते. पण ती जाताना 'तोंड वाईट आहे' म्हणून गेली होती, आणि माझ्या डोक्यात जत्रेतले उत्तर पुन्हा सुरू झाले होते. चार टोके दिसली तुला, आणि तुझ्या स्वतःच्या गोधडीत पाच होती ती नाही दिसली? असे काहीसे ते उत्तर होते. मी नऊ चौकोनांचा एकेक कोपरा कापून बाजूला ठेवला. इस्त्री घेऊन पांढरा त्रिकोण उलगडायला गेले, तर उलगडायला काहीच नव्हते. नऊही कोपरे मी टिपेच्या आतल्या बाजूने कापले होते. लायलच्या शर्टाचे कापड तुटून पडले होते.

शर्टांचे कापड उरले नव्हते. बाह्यांच्या चिंध्यासुद्धा एल्डाने संपवल्या होत्या.

यातून वाट होती, आणि ती मला त्याच मिनिटाला दिसली होती. बेचाळीसच्या बेचाळीस चौकोनांना जरा मोठे पांढरे कोपरे लावले असते तर कापलेला भाग झाकला गेला असता. लायलचे कापड थोडे कमी दिसले असते, एवढेच. पण त्यासाठी तिला सांगावे लागले असते. मंगळवारी मंडळात ती काय म्हणेल ते मला आताच ऐकू येत होते. मी सांगितले नाही. मुलगा गेलेल्या बाईपेक्षा मला माझ्या हाताच्या लौकिकाची काळजी जास्त वाटली. मला दुसरे काही लिहिता आले असते तर मी लिहिले असते.

गावात शेतकऱ्यांच्या शर्टांचे एकच दुकान होते आणि त्यात चौकडीचे तीनच रंग मिळत. लायलचे ते शर्ट निळे होते. वॉल्टरचेही दोन निळे होते. मी वॉल्टरचे कापले, नऊ चौकोन केले, कोपरे लावले, गठ्ठ्यात मिसळले आणि गठ्ठा एल्डाला जोडायला परत दिला.

"माझे निळे शर्ट कुठे गेले?" वॉल्टरने त्या आठवड्यात विचारले.

"उंदरांनी खाल्ले," मी म्हणाले.

"दोन्ही?"

"दोन्ही."

ईस्टरला एल्डाच्या पलंगावर ती गोधडी पसरलेली आम्ही दोघांनी पाहिली. वॉल्टर गोधडीपाशी बराच वेळ टोपी हातात धरून उभा राहिला. घरी येताना गाडीत तो म्हणाला, "उंदराला शिवण बरी येते." त्यानंतर १९८९मध्ये तो जाईपर्यंत त्याने हा विषय काढला नाही, आणि मीही काढला नाही.

खालून तिसऱ्या ओळीत एक चौकोन आहे, त्याच्यावर रफू आहे. एल्डा बसल्या बसल्या त्या रफूवर अंगठा फिरवते. मंडळात ती कितीदा तरी सांगते, लायलचा हा शर्ट कुंपणाच्या तारेत फाटला होता आणि मी तो रफू केला. ते रफू माझ्या हातचे आहे, वॉल्टरच्या शर्टाचे. पंचवीस वर्षे मी तिच्यासमोर बसून सुई ओवत हे ऐकते आहे.

डब्यात लायलचे खरे नऊ चौकोन आहेत आणि नऊ कापलेले कोपरे आहेत, ज्याचा त्याला टाचणीने लावलेला. जोलीनने डबा देताना कॉफी करावी, हे कलम एल्डाला वाचून दाखवावे आणि ती जे बोलेल ते माझ्या वतीने ऐकून घ्यावे. मधे बोलू नये.

कलम ८. शेजारी हार्लन ब्रॉकमायर, निवृत्त पोस्टमन, याला काही देत नाही, कारण तो साक्षीदार आहे, आणि ज्याला काही मिळणार त्याने साक्षीदार होऊ नये असे वकिलाने बजावले आहे. त्याच्या कुत्र्याने माझे ट्यूलिपचे कांदे तीन वर्षे उकरले, ते मी माफ केले. कुत्र्याला केले, हार्लनचे अजून बघते आहे.

येथवर ६ मार्च २००१ रोजी लिहून झाले. दुसरा साक्षीदार शोधायचा होता.

कलम ९. हे कलम मी लिहिणार नव्हते. बुधवारी, ७ तारखेला, एल्डा दालचिनीचा केक घेऊन आली. कागद टेबलावर होते. ती अठ्ठ्याहत्तर वर्षांची आहे, पण उलटे अक्षरही वाचते.

"हार्लन? त्या पोस्टमनला सहीला बोलावलंस? मग मी काय मेलेय?"

"तुला नाही करता यायची सही."

"का? मला लिहिता येत नाही?"

"ज्याला काही मिळणार त्यानं करायची नसते. वकील म्हणाला."

"मग देऊ नकोस मला काही! तुझ्याकडे आहे काय मला देण्यासारखं? जेलीचे साचे?" तिने खुर्ची ओढली. "वॉल्टरची सख्खी बहीण समोर राहते, आणि तू गावातून माणूस शोधतेयस. लोक काय म्हणतील? घाल माझं नाव. माझं जे काही असेल ते खोडून टाक."

"ते खोडता येत नाही, एल्डा."

"का नाही येत? पेन दे इकडे."

मी आत गेले, पलंगाखालून डबा काढला आणि तिच्यासमोर ठेवला. मग कलम सातचा कागद तिच्याकडे सरकवला. तिने चष्मा लावला आणि वाचायला लागली. मधे एकदा मागचे पान उलटून पाहिले, आणि पुन्हा पहिल्यापासून वाचले. केक कापलेला तसाच होता. मग तिने झाकण काढले. वरचा चौकोन उचलला, त्याला लावलेली टाचणी गंजली होती. तिने तो चौकोन नाकाशी नेला. इतक्या वर्षांनी त्याला पत्र्याशिवाय कसला वास येणार?

मी टोमण्याची वाट पाहत होते. तो आला असता तर बरे झाले असते.

"मला ते रफू केलेलं कधी आठवलंच नाही, ओर्फा," ती म्हणाली. "चौकोन जोडायला घेतले तेव्हा पहिल्या दिवशीच वाटलं, हे कधी केलं आपण? किती आठवून बघितलं. नाहीच आठवलं. मग ती तारेची गोष्ट मी माझ्या मनानं रचली. एकच पोर होतं मला. आणि त्याचा शर्ट फाटलेलासुद्धा मी विसरले. कसली आई ही, म्हणायचे मी. पंचवीस वर्षं म्हणत आले."

"एल्डा—"

"नको. आता काही बोलू नकोस."

डबा काखेत घेऊन ती गेली. केकचे भांडे माझ्याकडेच राहिले. एल्डा कधी भांडे विसरत नाही. चर्चमधल्या जेवणानंतर ती आधी स्वतःचे भांडे शोधते आणि मग कोट. ते भांडे मी घासून, पुसून ओट्यावर ठेवले, आणि रोज येता-जाता ते मला दिसत राहिले. त्या मंगळवारी ती मंडळात आली नाही. पुढच्या मंगळवारीही आली नाही. बायकांनी मला विचारले. मी म्हणाले, थंडी बाधली असेल. तिचे काय नुकसान मी केले ते मला पंचवीस वर्षे माहीत आहे असे मला वाटत होते. मी कापडाचा हिशेब करत बसले होते. तिचे जे खरे नुकसान झाले त्याची मला कल्पनाही नव्हती. हे लिहितानाही मला लाज वाटते आहे.

गुरुवारी, २२ तारखेला, ती आली. कपड्यांच्या टोपलीत गोधडी होती, गोधडीवर डबा होता, डब्यावर शिवण उसवायची आकडी.

"केकचं भांडं न्यायला आलेय," ती म्हणाली.

आम्ही गोधडी टेबलावर पसरली.

"दाखव. नऊच्या नऊ दाखव."

मी दाखवले. मला एकदाही शोधावे लागले नाही. प्रत्येकात तिने टाचणी खोचली. रफूच्या चौकोनापाशी आली तेव्हा तिची टाचणी वरच थांबली.

"हे कशानं फाटलं होतं? वॉल्टरचं?"

हे मी कलम सातमध्ये लिहिले नव्हते, कारण वॉल्टरला ते कोणी बोललेले आवडत नसे. आता सांगितले. "त्या दिवशी फाटलं. पत्रा कापला, आणि भोक पुरतं मोठं व्हायच्या आधीच त्यानं आत हात घातला. खांद्यापर्यंत. कडेनं बाही फाटली, दंडही फाटला."

"लायलला धरायला?"

"हो. शर्ट मी धुतला आणि रफू केला. पण त्यानं तो परत घातला नाही. घातला नाही, तरी कुठे गेला म्हणून विचारत होता."

एल्डाने टाचणी तोंडात धरली आणि अंगठा रफूवर ठेवला. मी भांडे पुन्हा पुसत होते.

"मी हे उसवायला आले होते," शेवटी ती म्हणाली. "तुझे नऊ काढायचे, माझे नऊ घालायचे. आकडी आणलीय बघ." मग ती एकेक टाचणी काढायला लागली. पहिली रफूची काढली. "राहू दे. सगळंच राहू दे. त्याच्या मामाचं आहे, परक्याचं नाही."

"आणि हे?" मी डब्याकडे बोट केले.

"मोठे कोपरे लाव, की झालं. नऊ चौकोनांची गोधडी मांडीवर घ्यायला पुरेल. तेव्हाच सांगितलं असतंस तर तेव्हाच झालं असतं हे."

"तेव्हा सांगितलं असतं तर तू काय म्हणाली असतीस?"

"म्हणायचं ते म्हणालेच असते! वर्षभर म्हणाले असते. मंडळात म्हणाले असते, चर्चच्या पायरीवर म्हणाले असते. मग थांबले असते."

तिने माझ्या कपाटातून पांढरे कापड घेतले, मोठे चौकोन कापले आणि माझ्या यंत्रावर बसून छत्तीस टिपा मारल्या. यंत्राला मागे ओढायची सवय आहे म्हणून ती त्याला नावे ठेवत होती. जुन्या टिपा उसवून, जुने पांढरे काढून हे सगळे करायला तिला तीन दुपारी लागल्या. सोमवारी तिने गठ्ठा माझ्यापुढे ठेवला आणि त्याच्यावर माझी काळ्या मुठीची कात्री ठेवली.

"काप."

"मी?"

"मला नाही लावायची त्याच्या शर्टांना कात्री. तेव्हाही नव्हती लावायची."

"एल्डा, माझ्या उजव्या डोळ्यात मोतीबिंदू आहे. डाव्याचंही काही खरं नाही."

"मी टिपेवर बोट ठेवते. बोटाच्या पलीकडे कापायचं. माझं बोट कापू नकोस म्हणजे मिळवलं."

ती माझ्या शेजारी बसली. प्रत्येक कोपऱ्यावर तिने टिपेच्या आत बोट आडवे धरले, आणि मी बाहेरून कापले. पुढचा घेण्याआधी ती प्रत्येक कोपरा उलगडून पाही. या वेळी माझ्या डोक्यात कोणतेही उत्तर चालू नव्हते. छत्तीस कोपरे व्हायला दीड तास लागला. एके काळी मला त्याला दहा मिनिटे पुरली असती. मंगळवारी आम्ही नऊ चौकोन जोडले. एल्डाने जोडलेला तुकडा उजेडात धरला, चष्मा खाली घेतला आणि एकेक टोक तपासले. ती नीट, पुन्हा पुन्हा तपासते.

"किती?" मी विचारले.

"एकही नाही," ती म्हणाली.

कलम १०. वरील कारणांमुळे कलम ७ मधील देणगी रद्द समजावी. डबा आणि आतल्या वस्तू मी माझ्या हाताने, हयातीतच दिल्या आहेत आणि त्यांच्यावर माझा काही हक्क उरलेला नाही. वकील म्हणेल की सगळा कागद फाडून नवा लिहा. मी एल्डाला विचारले. ती म्हणाली, "फाडायचं नाही. मंडळात सगळ्यांना मी त्या रफूची खोटी गोष्ट सांगत आले, ती खोटी का होती ते कुठेतरी लिहिलेलं राहू दे." म्हणून कलम ७ तसेच ठेवले आहे.

कलम ६ मात्र बदलते. कात्री माझ्याबरोबर पुरू नये. ती मी एल्डाला देऊ केली, तर ती म्हणाली, "डावखुरीला तिचा काय उपयोग? आणि घेतली तर माझी सही बाद होईल." तेव्हा कात्री मंगळवारच्या मंडळाला द्यावी. धार लावायला गावातल्या कुलूपवाल्याकडे द्यावी, दुसऱ्याकडे नको. जिच्या हातात ती जाईल तिने कापताना गप्प बसावे, मनातल्या मनातही.

लाल फितीबद्दलचे कलम ५ कायम आहे. परीक्षक बाईंना मी अजून माफ केलेले नाही.

या कागदावर जिथे जिथे खाडाखोड आहे तिथे माझी आद्याक्षरे आहेत. यापूर्वी मी दुसरे मृत्युपत्र केलेले नाही. हे वाचून पाहिले, बरोबर आहे, आणि खालील दोघांच्या डोळ्यांदेखत त्याच्यावर सही करते.

ओर्फा मे स्ट्रूव्ह

हॅडली क्रीक, नेब्रास्का. बुधवार, २८ मार्च २००१, सकाळी, स्वयंपाकघरातल्या टेबलावर.

साक्षीदार :

१. हार्लन ब्रॉकमायर. सही करताना पाहिले. मजकूर वाचला नाही, वाचू दिला नाही. कुत्रा बांधून ठेवीन.

२. मी मजकूर दोनदा वाचला आहे. या मृत्युपत्राने मला काही मिळत नाही. मिळायचं ते मिळालं. कलम सातमधलं रफू माझं नव्हतं. मी काही विसरले नव्हते.

एल्डा पोहलमन, लायलची आई.